आधी वॉर्डात वाचन, मग निविदा

वाचकांचे प्रश्न : कार्यालय आणि कारभार
(उत्तरे : महसूल विभागातील निवृत्त तहसीलदार)

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेत मालमत्ता कर आणि मालमत्ता हस्तांतरणाच्या नोंदी ऑनलाइन करायचं ठरलंय. आराखडा तयार करायचं काम मुख्याधिकारी साहेबांनी माझ्याकडे दिलंय. दोन कंपन्या येऊन सादरीकरण करून गेल्या. दोन्ही चांगल्या वाटल्या. मला संगणकातलं फारसं कळत नाही. मॅडम, सुरुवात कुठून करू?
– कार्यालय अधीक्षक, मराठवाडा

उत्तर : ताई, कंपनी कोणती घ्यायची हे शेवटी ठरवा. आधी पाहायचं ते हे, की तुमच्या मागणी रजिस्टरमध्ये, म्हणजे कोणाकडून किती कर घ्यायचा त्या वहीत, ज्याचं नाव आहे तो माणूस आज त्या घराचा मालक आहे का.

सातबाऱ्याचं संगणकीकरण झालं त्या काळात मी महसुलात होते. हस्तलिखित सातबारा टाइप होऊन संगणकात गेला, तेव्हा वर्षानुवर्षं साचलेल्या चुकाही आत गेल्या, वर टायपिंगच्या नव्या चुकांची भर पडली. खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या क्षेत्राशी जुळेना. सातबाऱ्यावर एक नाव, ‘आठ-अ’ या खाते उताऱ्यावर दुसरंच. सोसायटीचं कर्ज कधीच फिटलेलं, पण इतर हक्कात बोजा तसाच. म्हणून २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचन घेतलं गेलं. तलाठ्याने सातबाऱ्याची छापील प्रत गावात न्यायची, खातेदारांपुढे मोठ्याने वाचायची, हरकती घ्यायच्या आणि मग संगणकातल्या ‘री-एडिट’ या दुरुस्तीच्या सोयीत दुरुस्त्या करायच्या. सातबारे होते अडीच कोटींच्या आसपास. दिवसा सर्व्हर हळू चालायचा, म्हणून तलाठी मंडळी रात्री-अपरात्री लॅपटॉपला बसायची. १ मे २०१८ ला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला तो या मेहनतीवर. आज पंधरा रुपयांत घरबसल्या उतारा निघतो, तेव्हा मला चावडीवर ‘माझ्या भावाचं नाव राहिलंय’ म्हणून उठून उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका आठवतात. त्या उठल्या म्हणून नोंद सुधारली.

तुमच्याकडेही हेच करा. एक वॉर्ड निवडा, शक्यतो जुन्या पेठेतला, कारण गुंता तिथेच जास्त असतो. कर आकारणी यादी छापा आणि वॉर्डात सभा घेऊन वाचा. चतुर्थ वार्षिक पाहणीत, म्हणजे दर चार वर्षांच्या फेरआकारणीत, घर क्रमांक बदलले असतील तर जुना आणि नवा, दोन्ही क्रमांक यादीत हवेत. नाहीतर लोक जुनी पावती घेऊन येतील आणि संगणक ‘नोंद आढळली नाही’ म्हणेल. मयत मालक, वाटणी झालेली घरं, एकाच नावाची तीन प्रकारची स्पेलिंगं, हे सगळं या सभेत बाहेर येईल. जुनी यादी कुणी युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर तेही आत्ताच तपासा. अशा यादीत नाव शोधताच येत नाही, आणि रूपांतर करताना जोडाक्षरं बिघडतात. प्रत्येक नाव पुन्हा डोळ्याखालून घालावं लागतं. या कामाला माणसं आणि दिवस लागतात, ते आराखड्यात लिहून मागून घ्या.

दुसरं काम खिडकीपाशी बसून करायचं. निकाली निघालेल्या काही नस्त्या (फायली) काढा आणि अर्ज कोणत्या टेबलावर कोणत्या तारखेला पोचला, किती दिवस थांबला, ते मांडा. हस्तांतरणाच्या अर्जाबरोबर थकबाकी नसल्याचा दाखला बऱ्याच ठिकाणी मागतात. कर तुम्हीच वसूल करता, रजिस्टर तुमच्याच कपाटात आहे, मग नागरिकाने तो दाखला आणायचा कशासाठी? अशा अटी आधी टिपणी ठेवून, मंजुरी घेऊन काढून टाका. त्या तशाच सॉफ्टवेअरमध्ये गेल्या तर पुढे त्या हलवायला दरवेळी कंपनीच्या दारात जावं लागेल.

यात तुमच्या कर विभागातल्या जुन्या लिपिकांना बरोबर घ्या. कोणत्या गल्लीत कोणाचा वाद आहे हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांना प्रशिक्षणाच्या दिवशी पहिल्यांदा पडदा दाखवला तर ते पाठ फिरवतील, आणि त्यात त्यांची चूक नसेल.

निविदेत तीन गोष्टी सोडू नका. माहिती नगरपरिषदेच्या मालकीची राहील आणि करार संपताना ती सहज उघडता येईल अशा स्वरूपात पूर्ण परत मिळेल. पैसे वॉर्डनिहाय तपासून झालेल्या नोंदींवर मिळतील, संगणक बसवले म्हणून नाही. आणि सुरू झाल्यानंतर दुरुस्ती व मदतीसाठी माणूस कार्यालयात बसेल.

डिजिटल स्वाक्षरीचा डोंगल, म्हणजे संगणकाला लावून सही करायचं छोटं यंत्र, ज्याचा त्यानेच वापरायचा, हे पहिल्या दिवसापासून कडक ठेवा. साहेब दौऱ्यावर, डोंगल आणि पासवर्ड ऑपरेटरकडे, हे मी पाहिलेलं आहे, आणि त्याइतकं घातक दुसरं काही नाही. सही साहेबांची मानली जाते. अधिकाऱ्याची बदली झाली की नवी स्वाक्षरी येईपर्यंत काम कोण करणार, तेही आत्ताच लिहून ठेवा.

शेवटचं म्हणजे जुनं रजिस्टर बंद करायची तारीख. वही आणि संगणक दोन्ही चालू राहिले की दोन्हींत वेगळं लिहिलं जातं. कर्नाटकात ‘भूमी’ प्रकल्पात सुमारे दोन कोटी जमीन-नोंदी संगणकावर आल्या, आणि तालुक्यातलं काम पुरं झालं की हस्तलिखित उतारा देणंच थांबवलं. सगळ्यांना एकाच नोंदीवर यावं लागलं. तुमच्या तपासलेल्या वॉर्डापुरती तरी अशी तारीख ठरावात घाला. जुन्या वह्या मात्र जपून ठेवा, वाद निघाला की त्याच उघडाव्या लागतात.

प्रश्न : वडिलांच्या पश्चात घर आमच्या नावावर करायला ऑनलाइन अर्ज केला, कागद अपलोड केले. आता कार्यालयात बोलावून त्याच कागदांच्या झेरॉक्स पुन्हा मागतात. मुदतही उलटली. काय करू?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : मूळ कागद एकदा दाखवायला सांगितले तर दाखवा. तोच संच पुन्हा पुन्हा द्यायला सांगत असतील तर कोणत्या नियमाने, ते लेखी मागा. वारसाहक्काने मालमत्ता हस्तांतरण ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवा आहे. मुदत, शुल्क, पदनिर्देशित अधिकारी आणि अपील अधिकारी यांचा फलक कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. त्याचा मोबाईलवर फोटो काढून घ्या. मुदत संपल्यापासून तीस दिवसांत पहिलं अपील करा, तिथे झालं नाही तर दुसरं, आणि तिसरं राज्य सेवा हक्क आयोगाकडे. पुरेशा कारणाशिवाय सेवा दिली नाही तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. अपिलात अर्जाचा क्रमांक, अर्जाची तारीख आणि कोणते कागद किती वेळा मागितले, हे तारखांसह लिहा.