आधी वाळू दे

बाळा,

तुझे चारही फोटो नीट पाहिले. खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढं, १/७२ चं चंदेरी मिग-२१ एफएल लढाऊ विमानाचं प्लॅस्टिकचं मॉडेल. डाव्या पंखावर अंगठ्याचा ठसा, पाठीवरून शेपटीपर्यंत गेलेली बारीक चर, हवाई दलाच्या तिरंगी गोल राष्ट्रचिन्हाभोवती पांढुरकी झाक आणि कॉकपिटच्या काचेला आतून धुकं. खाली तुझा प्रश्न: हवेच्या दाबानं रंग फवारणारा एअरब्रश घेऊ का, आणि घेतला तर सुई ०.२ मिलिमीटरची की ०.३ ची?

एअरब्रशचं पुढे सांगतो. पण त्या चार फोटोंत मला हत्यारांची कमतरता कुठेच दिसली नाही. तुझा हात चांगला आहे. चाकांच्या खोबणी तू ज्या निगुतीनं रंगवल्यास, त्यावरून ते कळतं. कमी पडला तो वेळ. चारही दोष घाईतून आलेत, म्हणून या पत्रात मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणार आहे: वाळू दे. कंटाळा आला तरी वाच.

आधी त्या चरेबद्दल. तू लिहिलंस, ‘रंगवलं तेव्हा नव्हती, दहा दिवसांनी आपोआप उगवली.’ आपोआप काही उगवत नाही. तू वापरलेला पातळ सिमेंट, तो हिरव्या झाकणाचा टामियाचा, हा गोंद नाहीच. तो प्लॅस्टिक विरघळवतो. दोन्ही कडांचं पॉलिस्टायरीन मऊ होऊन एकमेकांत मिसळतं आणि द्रावक उडून गेला की एकसंध तुकडा उरतो. वेल्डिंगच म्हण. द्रावक वरच्या थरातून लवकर उडतो, आतून सावकाश. तासाभरात सांधा हाताला दगडासारखा लागतो, पण आत तो अजून मऊ आणि किंचित फुगलेला असतो. तू त्याच संध्याकाळी घासून सपाट केलंस. नंतर आतलं प्लॅस्टिक आठवडाभर आक्रसत राहिलं आणि खाली बसलं. तीच तुझी चर.

आता पद्धत. धडाचे दोन अर्धे सिमेंटशिवाय आधी जोडून बघ. कुठे अडतंय ते शोध. बहुतेक वेळा आतल्या खुंट्या किंवा कॉकपिटचा तळ अडतो, तिथे सुरीच्या पात्यानं खरवड. मग मास्किंग टेपच्या पट्ट्यांनी अर्धे बांध, पण पट्टी सांध्यावर आडवी असेल तिथे सिमेंट लावू नकोस. तो टेपखाली पळतो आणि कड खातो. बोटाखालीही तसाच पळतो. एकदा तीन-चार सेंटिमीटरच घे. ब्रशचं टोक सांध्याला नुसतं टेकव, सिमेंट स्वतःच आत ओढला जातो. दहापर्यंत मोज आणि दोन्ही बाजूंनी हलकेच दाब. सांध्यातून वितळलेल्या प्लॅस्टिकची दोऱ्याएवढी वळकटी वर आली पाहिजे. ती आली की फट भरली. ती पुसू नकोस, बोट लावू नकोस, ‘जरा बघतो’ म्हणून नख तर अजिबात नको. तशीच ठेव. किमान ४८ तास, जाड सांधा असेल तर चार दिवस. मग पात्यानं वळकटी खरवड आणि ४००, ६००, १००० नंबरचा (नंबर मोठा तितका बारीक) वॉटर पेपर पाण्यात बुडवून फिरव.

एवढी कटकट कशासाठी? गणित कर. ०.२ मिलिमीटरची चर ७२ पट केली की खऱ्या विमानावर १४ मिलिमीटरची फट होते. बोट शिरेल एवढी. विमानाच्या पाठीवर अशी फट ठेवून नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यातून एकही एफएल बाहेर पडलं नाही. तुझ्या पंखावरच्या ठशातल्या रेघा साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरानं आहेत. खऱ्या पंखावर ती दर साडेतीन सेंटिमीटरला एक सरी झाली, नांगरट केल्यासारखी. लहान स्केलमध्ये चूकही लहान होते, असं कुणी सांगितलं असेल तर ते विसर.

फटी भरायच्या पुटीचंही तेच. ट्यूबमधली राखाडी पुटी वाळताना आक्रसते. एका जाड थरात भरलीस तर खड्डा पडणारच. पातळ थर, एक दिवस, पुन्हा पातळ थर, पुन्हा एक दिवस. या सगळ्याला एकच अपवाद आहे आणि तो लक्षात ठेव. फट भरायला सुपरग्लू वापरलास तर थांबायचं नाही. अर्ध्या-एक तासात घासून मोकळा हो, कारण दुसऱ्या दिवशी तो आजूबाजूच्या प्लॅस्टिकपेक्षा कडक होतो. मग पेपर गोंदावर सरकतो, शेजारचं प्लॅस्टिक झिजतं आणि तिथे उंचवटा उरतो. बाकी सगळीकडे वाळू दे.

आता तो ठसा. तू म्हणतोस, ‘रंग दुसऱ्या दिवशी हाताला वाळलेला होता.’ हाताला वाळणं आणि वाळणं यात फरक आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय पुढचं विमान उघडू नकोस. इनॅमल, म्हणजे तेलाचा रंग, दोन टप्प्यांत वाळतो. आधी थिनर उडतो, त्याला काही तास लागतात. त्यानंतर रंगातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्याला दिवस लागतात. पहिला टप्पा संपला की पृष्ठभाग कोरडा लागतो, पण खाली तो सायीसारखा असतो. तू त्या सायीवर अंगठा ठेवलास.

यासाठी महागडं यंत्र लागत नाही, नाक पुरतं. मॉडेल नाकाजवळ ने आणि सावकाश श्वास घे. थिनरचा पुसटसाही वास आला तर रंग अजून वाळलेला नाही. वास पूर्ण गेला की आणखी एक दिवस थांब, मगच टेप किंवा पुढचा थर. कोरड्या हिवाळ्यात हे तीन-चार दिवसांत होतं, कोकणातल्या जुलैत आठवडा-दहा दिवसही लागतात. आणि धूळ बसू नये म्हणून तू मॉडेल घट्ट झाकणाच्या डब्यात कोंडतोस ना, ते बंद कर. हवाच नाही तर इनॅमल घट्ट कसा होणार? खोका उपडा घाल आणि एका कडेखाली पेन्सिल सरकव. हवा खेळते, धूळ बसत नाही.

लॅकर स्प्रेची गोष्ट वेगळी. तो लवकर वाळतो, म्हणून मुलं त्याच्यावर खूश असतात. पण पावसाळ्यात द्रावक झपाट्यानं उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि रंगावर दुधी झाक येते. अशा दिवशी फवारायचंच नाही. एफएलच्या चंदेरीसाठी टामियाचा एएस-१२ कॅन चांगला आहे, पण कोरडा दिवस मिळेपर्यंत त्याला हात लावू नकोस. कॅन कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेव. पाणी हाताला सोसेल एवढंच, गॅसजवळ कधीच नको. मग २०-२५ सेंटिमीटरवरून, मॉडेलच्या बाहेर सुरुवात करून बाहेरच संपव. पहिला थर इतका हलका की खालचा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, दिसला पाहिजे. खिडकी उघडी आणि तोंडाला वाफ अडवणारा मास्क. धुळीचा कागदी मास्क इथे कामाचा नाही.

चंदेरी विमान निवडलंस म्हणून हे सगळं जास्त बोचतंय. कॅमोफ्लाजचा हिरवा-करडा रंग बरंच झाकून घेतो, चांदी काहीच झाकत नाही. ८०० च्या पेपरचा ओरखडाही तिच्यात चमकतो. म्हणून चांदीखाली शेवटचा हात २००० चा आणि वर राखाडी प्रायमर. प्रायमर हा रंग नाही, तो आरसा आहे. त्यात दिसलेला दोष आत्ताच काढ. शेपटीच्या टोकाचा हिरवा भाग आधी रंगव, पूर्ण वाळू दे, टेपनं झाक आणि मग चांदी मार. उलटं केलंस तर टेप काढताना चांदी टेपबरोबर येईल. टेप लावण्याआधी तो दोन-तीनदा काचेवर चिकटवून काढ, चिकटपणा कमी होतो.

राष्ट्रचिन्हाभोवतीची पांढुरकी झाक म्हणजे डेकलखाली, पाण्यात भिजवून लावायच्या त्या पातळ चित्राखाली, अडकलेली हवा. तू डेकलआधीचा चकचकीत पारदर्शक थर, ग्लॉस क्लिअर, गाळलास, कारण त्याला आणखी एक दिवस गेला असता. खरं ना? तुझी चांदी दाणेदार आली होती. अशा पृष्ठभागावर डेकलची फिल्म बसत नाही, दाण्यांच्या टोकांवर तरंगते आणि खालची हवा चकाकते. ग्लॉसचा थर दे, एक दिवस थांब. डेकल कोमट पाण्यात वीस-तीस सेकंद बुडव, मग बाहेर काढून ओल्या कागदावर ठेव आणि तो स्वतःहून सरकेपर्यंत वाट बघ. ओढलास की केशरी वर्तुळ फाटलंच. डेकल चिकटायला मदत करणाऱ्या मायक्रो सेटचा थेंब जागेवर लाव, त्यावर डेकल सरकव, कापसानं मधून बाहेर पाणी दाबून काढ. मग वरून डेकल मऊ करणारं मायक्रो सोल. पाच मिनिटांत डेकल सुरकुततो आणि पोटात गोळा येतो. तेव्हाच हात मागे घे. सुरकुती त्याची त्यानं बसते आणि पॅनेलच्या, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या, रेघा वर दिसू लागतात. त्या वेळी बोट लावलंस तर तो चिखल झालेला असतो.

काचेवरचं धुकं सुपरग्लूच्या वाफेचं. तो पाच सेकंदांत धरतो म्हणून वापरलास, फेविकॉलला रात्र लागली असती. त्या एका रात्रीपायी कॉकपिट गेलं. काच नेहमी फेविकॉलनं बसव. टूथपिकच्या टोकानं कडेवर लाव, जास्त झालेला ओल्या ब्रशनं पूस. वाळल्यावर तो पारदर्शक होतो आणि काचेवर धुकं आणत नाही.

फेविकॉलवरून आठवलं. नाकात वजन म्हणून तू मासेमारीचं शिसं घातलंस, ते बरोबर. नाही तर मिग शेपटीवर बसतं. मात्र ते पांढऱ्या गोंदात कधीही बसवू नकोस. गोंदातून सुटणाऱ्या आम्लानं शिसं हळूहळू पांढऱ्या भुकटीत बदलतं, ती भुकटी फुगते आणि काही वर्षांनी नाक सांध्यातून उघडतं. शिशासाठी दोन ट्यूबांचा अ‍ॅरल्डाइटच. आणि धड बंद करण्याआधी पंख टेपनं तात्पुरते बांधून मुख्य चाकांच्या रेषेवर तोलून बघ. पाच-सात ग्रॅमनं सहसा भागतं, पण अंदाजावर सोडू नकोस.

आता एअरब्रश. घ्यायचाच असेल तर ०.३ ची सुई, ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे एकाच खटक्यानं हवा आणि रंग दोन्ही सांभाळणारा. कॉम्प्रेसर टाकी आणि रेग्युलेटरवाला, पाणी अडवणाऱ्या ट्रॅपसकट. पावसाळ्यात ट्रॅप नसेल तर पंखावर थेंब उडतात. रंग दुधाएवढा पातळ, दाब १५ ते २० पीएसआय. झालं उत्तर. आता सांग, या यंत्रानं तुझी कुठली खोड गेली असती? चर? धुकं? ठसा? थर पातळ बसले असते एवढंच, आणि तू ते पातळ थरही दुसऱ्या दिवशी अंगठ्यानं तपासले असतेस. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! रागावू नकोस. तुझ्या हातात जे आहे ते बिघडताना बघवत नाही, म्हणून आवाज चढतो.

‘एवढा वेळ कुणाला आहे?’ असं मला नेहमी ऐकवलं जातं. एका विमानाला दोन महिने म्हणजे हेकटपणा, असंही. असेल हेकटपणा. मी तो सोडणार नाही. मॉडेल बिघडलं की लोक रंगाला, किटला, हवेला दोष देतात. शंभरातली नव्वद बिघडलेली मॉडेल्स मी नुसती हातात घेऊन सांगेन की यात कुठला दिवस गाळलाय. काही वर्षं मीही तेच दिवस गाळले आणि ते परत मिळत नाहीत, म्हणून तुझ्या मागे लागलोय. दोन महिन्यांत हाताचं काम वीस-पंचवीस तासांचंच असतं. बाकी सगळं वाळणं. त्यासाठी तुला काहीच करावं लागत नाही, फक्त मध्ये यायचं नसतं.

ते जमत नसेल, हात शिवशिवत असतील, तर त्यावरही उपाय आहे. एकाच वेळी तीन किट उघड. एकाचं धड वाळतंय तेव्हा दुसऱ्याची कॉकपिट रंगव, तिसऱ्याची स्प्रू, म्हणजे सुटे भाग ज्यात जोडलेले येतात ती प्लॅस्टिकची चौकट, भांड्यांच्या साबणानं कोमट पाण्यात धू. साच्यातल्या तेलकटपणावर रंग धरत नाही, त्यामुळे ते धुणंही लागतंच. प्रत्येक किटच्या खोक्यावर टेपचा तुकडा लाव आणि लिही: काय केलं, कुठली तारीख, किती वाजता, पुन्हा हात कधी लावायचा. आठवणीवर भरवसा नको. आपण किती थांबलो याचा अंदाज प्रत्येकाचा दुप्पट निघतो.

राहता राहिला तुझा डावा पंख. तो वाचतो, टाकू नकोस. रंग आहे तसाच पूर्ण कडक होऊ दे, आजपासून दहा दिवस. नाकानं खात्री कर. मग १५०० चा ओला पेपर, बोटानं नाही, खोडरबराच्या तुकड्यावर गुंडाळून, फक्त ठशावर, गोल न फिरवता हवेच्या प्रवाहाच्या दिशेनं फिरव. रेघा जाईपर्यंत, प्रायमर दिसला तरी चालेल. वर २००० चा हात. साध्या पाण्यानं पूस, एक दिवस सुकव. मग शेजारची पॅनेल रेघ पकडून टेप लाव आणि तेवढं एकच पॅनेल पातळ चांदीनं दोन थरांत भर. छटा किंचित वेगळी आली तर येऊ दे, उघड्या धातूच्या विमानात शेजारशेजारची पॅनेल्स तशी असतातच. पाठीवरची चर मात्र उघडावी लागेल, तिथे पुटीचे दोन पातळ थर आणि मधले दोन दिवस. धुकं धरलेली काच सुरीनं उचकटू नकोस, फुटेल. सांध्याच्या बाहेरच्या कडेवर टेपची पट्टी लाव आणि खालून दात घासायच्या धाग्यानं करवतीसारखं हळूहळू काप. निघाली की आतून धुकं ओल्या कापसानं पूस. नाही गेलं तर २००० चा पेपर, त्यावर पांढरी टूथपेस्ट आणि मऊ फडकं.

हे दहा दिवस मोजायला आज रात्रीपासून सुरुवात कर. पंखाला टेपचा तुकडा लावून त्यावर तारीख लिही आणि विमान उपड्या खोक्याखाली ठेव. पेन्सिल विसरू नकोस.