सायलोत मका नक्की किती?

प्रश्न: आमचा पोल्ट्री फीडचा छोटा प्लांट आहे. मक्याचे दोन सायलो, म्हणजे धान्य साठवायच्या उंच गोल टाक्या, दोन्ही 6 मीटर व्यासाचे, छपरावर भरायच्या पाइपला लागूनच, जवळजवळ मधोमध अल्ट्रासोनिक सेन्सर (आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून मालाची उंची मोजणारा) बसवलाय. गाड्या खाली झाल्या की स्क्रीनवर माल जास्त दिसतो, थोडा काढला की एकदम कमी, आणि भरताना तर आकडा नुसता नाचत असतो. रजिस्टर कधी जुळतच नाही. सप्लायर म्हणतो आवाजाऐवजी रेडिओ लहरींनी मोजणारा रडार सेन्सर घ्या. घ्यावा का?

उत्तर: घ्या, पण आहे त्याच जागी बसवणार असाल तर पैसे वाया. तुमची अर्धी भानगड जागेची आहे. मका सायलोत पाण्यासारखा सपाट बसत नाही, खळ्यावरच्या राशीसारखा शंकू होतो, उतार साधारण 25 अंश, ओला असेल तर जास्त. तुमची त्रिज्या 3 मीटर म्हणजे शंकूची उंची 1.4 मीटर. सेन्सरला दिसतं फक्त टोक आणि तो धरून चालतो की माल सगळीकडे तेवढाच आहे. शंकू म्हणजे तेवढ्याच उंचीच्या नळकांड्याचा एक तृतीयांश, बाकी दोन तृतीयांश, म्हणजे 26 घनमीटर हवा तो मका म्हणून मोजतो. घनमीटरला 720 किलो धरले तर जवळपास 19 टन न आलेला मका! आणि खालून काढायला लागलात की मधे खड्डा पडतो, मग हेच उलटं, असलेला मका गायब. स्टोअरकीपरवर उगाच संशय घेऊ नका.

सेन्सर भिंतीपासून त्रिज्येच्या एक तृतीयांश आत घ्या, तुमच्याकडे 1 मीटर. त्या वर्तुळावर मालाची उंची बरोबर सरासरीइतकी येते, शंकू असो नाहीतर खड्डा. मात्र भरणं आणि काढणं दोन्ही मधोमध हवं, पाइप बाजूला असेल तर हे गणित बसत नाही.

आता नाचणारा आकडा, तो मात्र अल्ट्रासोनिकचाच दोष. धूळ आवाज खाऊन टाकते, शिवाय 20 अंश तापमानाला सेकंदाला 343 मीटर असलेला आवाजाचा वेग दर अंशाला 0.6 मीटरने वाढतो, आणि दुपारी पत्र्याखाली किती तापतं ते तुम्हाला माहितीच आहे. सेन्सर तापमान धरतो पण फक्त वरचं. 80 गिगाहर्ट्झच्या रडारला धुळीचं फारसं काही वाटत नाही, झोत जेमतेम 4 अंशांचा, 10 मीटर खाली 70 सेंटीमीटर रुंद, त्यामुळे शिडीबिडी मधे येत नाही. लेन्सवर दमट भुकटी चिकटते म्हणून एअर पर्जचं, म्हणजे हवेच्या झोताने लेन्स साफ करायचं, कनेक्शन असलेलाच मागा. आणि महिन्यातनं एकदा, भरणं बंद असताना, टेपला पितळी ओळंबा बांधून मॅनहोलमधून हाताने माप घ्या. लोखंडी नको, धुळीत ठिणगी नको.

प्रश्न: माल अडकला की आमचा माणूस दोर बांधून आत उतरतो आणि फावड्याने मोकळा करतो. चालेल ना?

उत्तर: नाही. खालून माल चाललाय आणि वरचा आकडा हलत नाही म्हणजे आत पोकळी झालीय, वर नुसती साय आहे, पाय ठेवला की माणूस खाली आणि वरून मका, आणि तेवढ्या मक्यातून माणूस दोराने ओढून निघत नाही. खालून माल काढणारा स्क्रू कन्व्हेयर बंद करा, त्याला कुलूप लावा, बाहेरूनच व्हायब्रेटर नाहीतर लांब बांबू वापरा.