नागपुरात पांढऱ्या कडेचा होस्टा जगेल का?

घरामागे दिवसभर सावली आहे, तिथे पांढऱ्या कडेच्या पानांचा होस्टा (पानांच्या शोभेसाठी लावतात ते झाड) टिकेल का, असं तुम्ही विचारलंय. टिकतो, पण नुसत्या सावलीवर नाही. मी चार वर्षांपासून त्यातली ‘पेट्रियट’ ही जात सांभाळतोय. उन्हाळ्याची धास्ती होती, पण त्याला कमी पडला तो आपला हिवाळा.

हे मूळचं जपान, कोरिया, चीनकडचं झाड. थंडीत पानं टाकून जमिनीखाली झोपतं, आणि झोप पुरी व्हायला साधारण ५ अंशांच्या आसपासची थंडी दीड-दोन महिने लागते. आपल्याकडे जानेवारीत रात्री हुडहुडी भरते, पण दुपारी पारा परत २८वर. पहिल्या वर्षी माझ्याकडे सात कोंब आले, दुसऱ्या वर्षी तीन, तेही बोटाएवढ्या पानांचे.

मग फ्रिजचा उपद्व्याप केला. नोव्हेंबरअखेर पाणी तोडलं, पानं छाटली, गड्डे झटकून जेमतेम ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुगा), भोकं पाडलेल्या पिशवीत घालून भाजीच्या खणात ठेवले. आठ आठवडे. शेजारी सफरचंदं, केळी नकोत. पिकताना सुटणाऱ्या वायूने कोंब बिघडतात. (ऐन मोसमात बायकोने पिशवी काढून तिथे संत्री भरली. दोन दिवस गड्डे ओट्यावर!) फेब्रुवारीत लावले तर नऊ कोंब आले.

कुंडीतच लावा. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरते आणि गड्डा कुजतो. मी पालापाचोळ्याचं खत, कोकोपीट आणि जाड रेती घेतो. सकाळी आठपर्यंतचं कोवळं ऊन चालतं. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणून आधी तोच करपतो. नवतप्यात (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) तर सावलीतही, नुसत्या लूने, म्हणजे गरम वाऱ्याने. तेव्हा कुंडी कूलरच्या खोलीत. पावसात गोगलगायी रात्रीतून पानांची चाळण करतात, टॉर्च घेऊन वेचाव्या लागतात.

एखादा कोंब पूर्ण हिरवा आला तर मुळाशी काढून टाका, तो जोरात वाढून बाकीच्यांना दाबतो. आणि ऑनलाइन ‘पांढऱ्या कडेच्या होस्टाच्या बिया’ घेऊ नका. मी घेतल्यात. ती कड बियांतून उतरत नाही, घरी ती गड्डा फोडूनच मिळते.

एवढं जमणार नसेल तर सरळ कॅलॅडियम लावा. पांढरी पानं, सावली चालते, हिवाळ्यात आपसूक झोपतो आणि आपल्या उन्हाळ्यातच फुटतो. माझ्याकडे आता होस्टाच्या दोनच कुंड्या आहेत, बाकी कॅलॅडियम. फक्त घरात लहान मूल असेल तर उंचावर ठेवा, पान चावलं की तोंडाची आग होते.