दोन फोटोंमधलं टेक्सचर सारखं आहे का हे कॉम्प्युटरला माणसासारखं कसं ओळखता येईल?

पिक्सेलला पिक्सेल लावून बघणं सोडा, टेक्सचरची आकडेवारी (म्हणजे रेषा, ठिपके, उजेड-सावली एकूण किती आणि कशी आहेत) जुळवा आणि मग माणसांच्या मतांवर मॉडेल ट्रेन करा. वाळूचे दोन फोटो घ्या, एकही कण त्याच जागी नसतो तरी आपल्याला दोन्हीकडे वाळूच दिसते, कारण आपण कण नाही, एकूण पोत बघतो. पोर्टिला आणि सिमोन्चेली या संशोधकांनी २००० साली फिल्टरच्या (फोटोतल्या रेषा, कडा टिपणाऱ्या गणिताच्या) आकडेवारीतून हे करून दाखवलं, २०१५ मध्ये गॅटिस आणि मंडळींनी न्यूरल नेटवर्कच्या फीचर्समधून (म्हणजे ते फोटोत स्वतः शिकून टिपतं त्या खुणांमधून), आणि २०१८ चं एलपीआयपीएस, म्हणजे दोन फोटो किती सारखे दिसतात ते मोजणारं मॉडेल, तर 'या दोनपैकी मूळ फोटोच्या जवळचा कुठला' असं लोकांना विचारून आलेल्या उत्तरांवरच ट्रेन झालंय. पण एलपीआयपीएस जागेला जागा धरून तुलना करतं, त्यामुळे नुसत्या टेक्सचरसाठी मी २०२० चं डिस्ट्स हे तसंच मोजणारं मॉडेल वापरा म्हणेन, त्यात कण इकडचे तिकडे झाले तरी चालतं.