भांडी बाजारातल्या दुकानाची वेबसाईट गुगलवर दिसत नाही, तर आधी काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या भांडी बाजारात तांब्या-पितळेच्या भांड्यांचं वडिलोपार्जित दुकान आहे. 40 हजार देऊन वेबसाईट करून घेतली, त्याला सहा महिने झाले. दुकानाचं नाव टाकलं तर गुगलवर दिसते, पण ‘नाशिक तांब्याची भांडी’ टाकलं तर कुठेच नाही. आता एक एजन्सी महिन्याला 12 हजार मागतेय. तीन महिन्यांत पहिल्या नंबरवर आणायची हमी देतेय आणि वर 500 बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साईटवरून तुमच्या साईटला दिलेल्या लिंक. द्यावेत का?

नका देऊ. निदान आत्ता तरी नका. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगलने स्वतःच लिहून ठेवलंय. जो हमी देतो त्याच्याशी पुढे बोलायचं कारण नाही. बॅकलिंकचं खाली सांगते.

दिंडोरीच्या बाजूला माझ्या भावाची द्राक्षबाग आहे, तिथे पाहुण्यांच्या राहायची सोय केलीय. त्याची वेबसाईट मी बघते. पहिल्या वर्षी पाच महिने आमचं एकही पान गुगलवर नव्हतं. आम्ही फेसबुकवर जाहिराती देत बसलो, फोटो बदलले, रंग बदलले. शेवटी कळलं की साईट बनवणाऱ्याने काम चालू असताना वर्डप्रेसच्या ‘रीडिंग’ सेटिंगमध्ये सर्च इंजिनांनी ही साईट नोंदवू नये, अशी खूण केली होती आणि काम संपल्यावर ती काढायची राहिली. एका खुणेपायी द्राक्षांचा अख्खा हंगाम गेला. त्यामुळे कुणी मला ‘साईटची जाहिरात कशी करू’ असं विचारलं की मी आधी विचारते, ती वाचता येते का?

गुगलचं काम तीन पायऱ्यांनी चालतं. त्याचा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, पान उघडून वाचतो, मग त्याची आपल्या सूचीत नोंद करतो, आणि कुणी काही शोधलं की सूचीतली पानं क्रमाने लावतो. एजन्सीवाले फक्त तिसऱ्या पायरीबद्दल बोलतात. दुकानांच्या साईटचं घोडं बहुतेक वेळा पहिल्या दोन पायऱ्यांवरच पेंड खातं. तुमची साईट नावाने दिसते, म्हणजे निदान पहिलं पान नोंदलेलं आहे. बाकीच्या पानांचं काय, ते बघा. गुगलमध्ये ‘साईट’ हा शब्द इंग्रजीत टाका, त्याला चिकटून कोलन आणि जागा न सोडता तुमच्या साईटचा पत्ता. जी पानं येतील, ती साधारण नोंदलेली. 30 पानांच्या साईटची दोनच आली, तर तुमचा आजार तिथेच सापडला.

नक्की कारण कळायला गुगल सर्च कन्सोल लागतं. ते फुकट आहे. साईट तुमचीच आहे हे सिद्ध करावं लागतं, त्यासाठी डोमेनच्या, म्हणजे साईटच्या नोंदवलेल्या पत्त्याच्या, सेटिंगमध्ये एक ओळ टाकायची असते. साईट बनवणाऱ्याला सांगा, पण खातं तुमच्या ईमेलवर काढायला लावा. तिथे कुठलं पान नोंदलं गेलं नाही आणि का, हे दिसतं. साईटमॅप, म्हणजे पानांची यादी, तिथेच देता येते. आणि लोकांनी काय शब्द टाकल्यावर तुमची साईट दिसली, हे मागच्या 16 महिन्यांपर्यंतचं कळतं. माझ्या मते दुकानदारासाठी या यादीइतकी मोलाची दुसरी फुकट गोष्ट नाही.

तुम्ही साईटचा पत्ता दिलेला नाही, म्हणून आपल्याकडच्या दुकानांच्या साईटवर मला नेहमी जे सापडतं ते सांगते. एक म्हणजे सगळा मजकूर चित्रात असतो. पत्रिका छापतात तसं सुंदर डिझाइन करतात, त्यात दुकानाची माहिती, भांड्यांची नावं, पत्ता, सगळं एकाच फोटोत. माणसाला ते वाचता येतं, पण शोधताना त्यातल्या शब्दांवर भरवसा ठेवता येत नाही. मजकूर हा मजकूर म्हणूनच टाकायचा. तुमच्या पानावरच्या एखाद्या शब्दावर बोट दाबून तो कॉपी होतो का, एवढं करून बघा.

दुसरी गोष्ट खास आपल्या मराठीची. बऱ्याच दुकानांचे दरपत्रक छापखान्यात जुन्या फॉन्टमध्ये केलेले असतात. कागदावर ‘घंगाळ’ दिसतं, पण आत कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. तसलं पीडीएफ साईटवर चढवलं तर गुगलच्या हाती कचरा लागतो. सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलवर मराठी टाईप होतं त्या पद्धतीत, पुन्हा टाईप करा. कंटाळवाणं काम आहे, एक-दोन दुपारी जातील, पण त्याला पर्याय नाही.

आता खरं काम. साईट करणाऱ्याने तुमच्या पहिल्या पानावर ‘प्रीमियम कॉपरवेअर कलेक्शन’ किंवा त्याच चालीचं काहीतरी लिहिलेलं असणार. तुमच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून आजवर कुणी कॉपरवेअर कलेक्शन मागितलंय? लोक मागतात तांब्याचा बंब, पितळेची परात, घंगाळ, समई, ताम्हन आणि पळी-पंचपात्र, रुखवतात ठेवायचा सेट. विचारतात, मोड घेता का, कल्हई करून देता का, पितळेच्या पातेल्यात आमटी कळकत नाही ना, लेकीला द्यायचा हंडा किती किलोचा येईल. हे शब्द तुमच्या वडिलांच्या कानात 40 वर्षं बसलेले आहेत आणि साईटवर त्यातला एकही नसणार. गुगलवर टाईप करणारं गिऱ्हाईकही हेच शब्द टाकतं.

म्हणून 15 दिवस गल्ल्याशेजारी एक वही ठेवा. फोनवर आणि दुकानात माणूस जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहून काढा, आपल्या शब्दांत बदलू नका. मग जो प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, त्याचं एकेक पान करा.

बंबाचं पान घ्या. किती लिटरचे बंब आहेत, पत्रा किती गेजचा, वजन किती, तोटी पितळेची का, मधली नळी खराब झाली तर बदलून मिळते का, जुन्या बंबाची मोड कशी धरता, धर्मशाळेला किंवा मंगल कार्यालयाला मोठा बनवून देता का. फोटो दुकानातल्या खऱ्या बंबाचे, बाजूला माणूस उभा, म्हणजे आकार कळेल. किंमत लिहायला दुकानदार घाबरतात, कारण तांब्याचा भाव हलतो. मग वजन लिहा, मजुरी लिहा, आणि किलोचा भाव ज्या दिवशीचा आहे ती तारीख लिहा. गिऱ्हाईक गुणाकार करून घेतं. ‘किमतीसाठी संपर्क करा’ हे वाचून लोक मागे फिरतात, मी स्वतः फिरते.

कल्हईचं पान तर तुम्ही उद्याच लिहा. तरुण सुना-मुलींना पितळेत स्वयंपाक करायचाय, पण कल्हई कुठे होते हेच माहीत नसतं. कुठल्या भांड्याला करावी लागते, आंबट पदार्थ का कळकतात, कथील आणि नवसागर लावून ती कशी चढवतात, भांडं किती दिवसांत परत मिळतं, पुन्हा करायची वेळ आली हे कसं ओळखायचं. तुमच्या कारागिराला समोर बसवून हे लिहून घ्या. ही माहिती त्यांच्या हातात आहे, नेटवर ती अशी सापडत नाही, आणि म्हणूनच ते पान वर यायची शक्यता जास्त.

प्रत्येक पानाला त्याचं स्वतःचं शीर्षक द्या. ‘होम’ किंवा नुसतं दुकानाचं नाव नको. ‘तांब्याचा बंब, लिटर आणि वजनानुसार, भांडी बाजार नाशिक’ असं काहीतरी, म्हणजे शोधणाऱ्याला बघताक्षणी कळेल. एजन्सीने ‘मेटा कीवर्ड’, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपवलेली शब्दांची यादी, ‘भरून देतो’ असं सांगितलं असेल, तर त्याला पैसे देऊ नका. क्रम लावताना ते बघत नाही, हे गुगलने 2009 मध्येच जाहीर केलंय.

भाषेचं काय? मराठी पान मराठीत ठेवा, इंग्रजी हवं असेल तर त्याचं वेगळं पान करा आणि दोन्ही एकमेकांना जोडा. एकाच परिच्छेदात दोन्हीची खिचडी नको. नाशिकचं इंग्रजी स्पेलिंग लोक ‘एच’ घालून आणि न घालता, दोन्ही तऱ्हेने टाकतात. त्यासाठी दोन पानं करू नका. पानांचे पत्ते मात्र मी रोमन अक्षरांत आणि छोटे ठेवते. देवनागरी पत्ता गुगलला चालतो, पण व्हॉट्सअॅपवर पाठवायला कॉपी केला की एका ‘तांबे’ शब्दाची टक्क्याच्या खुणा, आकडे आणि अक्षरं मिळून 45 चिन्हं होतात. लोकांना तो व्हायरस वाटतो.

आणखी एक फसवणूक ओळखून ठेवा. ‘सिन्नर तांब्याची भांडी’, ‘निफाड तांब्याची भांडी’, ‘देवळाली तांब्याची भांडी’ अशी गावाचं नाव बदलून तोच मजकूर असलेली 50 पानं करून देतात. गुगलच्या नियमांत हे स्पॅम आहे.

तुमच्यासारख्या दुकानाला साईटइतकंच महत्त्वाचं गुगल मॅपवरचं बिझनेस प्रोफाईल आहे. पाहुणा रामकुंडावर उभा राहून ‘जवळचं भांड्यांचं दुकान’ शोधतो तेव्हा आधी नकाशाच समोर येतो. तिथला क्रम गुगल तीन गोष्टींवर लावतं: शोधलेल्याशी जुळतं का, किती जवळ आहे, किती नावाजलेलं आहे. नाव पाटीवर आहे तेच ठेवा, त्यापुढे ‘बेस्ट तांबा-पितळ नाशिक’ जोडू नका, नियमाविरुद्ध आहे. पत्ता आणि फोन साईटवर, मॅपवर, बिलावर अक्षरशः सारखा असू द्या. रिव्ह्यू मागा, पण त्याच्या बदल्यात सूट देऊ नका, तेही बसत नाही नियमात. आणि वेळ खरी ठेवा. गोदावरीला पूर आला की पाणी भांडी बाजारात शिरतं, हे आपल्याला ठाऊक आहे, पुण्याहून बस्त्याला आलेल्या कुटुंबाला नाही. त्या दिवशी प्रोफाईलवर ‘आज बंद’ टाकलंत तर त्यांचा हेलपाटा वाचेल.

साईटच्या वेगाबद्दल फार लांबवत नाही. बहुतेक गिऱ्हाईक मोबाईलवर बघतं आणि गुगलही आता साईटचं मोबाईलवरचंच रूप वाचतं. फोनने काढलेले चार-चार एमबीचे फोटो तसेच चढवू नका, लहान करून, वेबपी या हलक्या फाईल-प्रकारात टाका. पानावरची सगळ्यात मोठी गोष्ट 2.5 सेकंदांच्या आत दिसली पाहिजे, असा गुगलचा निकष आहे. गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्सवर पत्ता टाकला की फुकटात मोजून मिळतं.

आता 500 बॅकलिंक. दुसऱ्या साईटने तुमची लिंक देणं म्हणजे एका अर्थी शिफारस. 1998 मध्ये लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी गुगल उभं केलं ते याच कल्पनेवर. साहजिकच लोक शिफारशी विकत घ्यायला लागले, आणि 2012 मध्ये गुगलने पेंग्विन नावाचा बदल आणून अशा साईट खाली ढकलल्या. आज विकतच्या लिंक मोजल्या जात नाहीत किंवा अंगाशी येतात. कुठल्यातरी परदेशी जुगाराच्या साईटवर तुमच्या दुकानाची लिंक असून गिऱ्हाईक येणार आहे का? त्यापेक्षा ज्या मंगल कार्यालयाला तुम्ही भांडी पुरवता, ज्या गुरुजींना पूजेची उपकरणी देता, जी ताई पितळेच्या कढईत करून रेसिपीचे व्हिडिओ टाकते, त्यांना सांगा. अशा पाच लिंक पुरतात. कारागिरांवर एखाद्या स्थानिक वर्तमानपत्राने लेख केला तर फारच छान.

वेळ लागतो, हे मनाशी धरा. बदल केल्यावर फरक दिसायला चार महिने ते एक वर्ष, असं गुगलच्याच लोकांनी सांगितलंय. म्हणजे धनत्रयोदशीसाठीची पानं नवरात्रात लिहून उपयोग नाही, आषाढ लागायच्या आतच हवीत. 2027 च्या सिंहस्थासाठी गोदाजल न्यायच्या तांब्याच्या गडूचं पान हवं असेल, तर ते लवकरात लवकर चढवा, आणि पर्वणी जवळ आली की त्याच पत्त्यावर मजकूर ताजा करत राहा. दरवेळी नवं पान काढलं की जुन्याची कमाई वाया जाते.

पैसे खर्च करायचेच असतील तर दोन ठिकाणी करा: मराठी नीट टाईप करणाऱ्या कुणाला तरी महिनाभर बसवा, आणि भांड्यांचे चांगले फोटो काढून घ्या. दिवाळीच्या पंधरवड्यात गुगलवर पैसे देऊन जाहिरातही चालेल, फक्त जाहिरात दिल्याने फुकटच्या निकालांत तुम्ही वर जात नाही, हे लक्षात ठेवा. आणि डोमेन कुणाच्या नावावर आहे ते आजच तपासा. साईट बनवणाऱ्याच्या नावावर असेल तर तुमच्या नावावर करून घेईपर्यंत बाकीचं काही करू नका.

कल्हईचं पान लिहून झालं की साईटच्या पत्त्यासकट कळवा. मी मोबाईलवर उघडून कुठे अडतंय ते बघून सांगते.