पोट दुखतं म्हणणारं पोर नाटक करत नसतं

तुम्ही विचारलंय की नऊ वर्षांची मुलगी रोज सकाळी शाळेच्या वेळेलाच पोट दुखतं म्हणते, रविवारी दुखत नाही, डॉक्टर म्हणतात काही नाही, मग हे नाटक समजायचं का आणि मुलांचं मन आणि शरीर दोन्ही कसं सांभाळायचं. दुसऱ्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. पहिल्याचं आहे. नाटक नाही. नाटक हा शब्द वाचला की माझं डोकं फिरतं, का ते सांगते.

आम्ही वेंगुर्ल्याकडचे. माझा झील, म्हणजे मुलगा, २०२२ च्या जूनमध्ये पाचवीत गेला. त्याआधी वाडीतली शाळा, सगळी मिळून अकरा पोरं, त्यात तिसरी आख्खी मोबाईलवर, तीसुद्धा रेंज मिळावी म्हणून कातळावर जाऊन. तिथून एकदम हायस्कूल, वर्गात साठ जण आणि सकाळची एसटी. जुलैपासून सुरू झालं, "आये, पोटात दुखता." पेजेचा वाडगा तसाच. आधी जंताची गोळी दिली, मग कुडाळला नेऊन सोनोग्राफी केली, नॉर्मल. सासूबाईंनी मीठमिरच्या ओवाळून दृष्ट काढली. मी त्याला हसत नाही, निदान तेवढा वेळ कोणीतरी त्याच्यासमोर बसलं.

मग चतुर्थीला मोठे भावोजी आले डोंबिवलीहून. पंगतीत सगळ्यांच्या देखत म्हणाले, "आम्ही पाच मैल चालत शाळेत जायचो, आमचं नाही कधी पोट दुखलं. लाड करून ठेवलेत, नाटकं आहेत सगळी." पोरगा ताटावरून उठला नाही, मान खाली घालून मोदक कुस्करत बसला. आणि मी काय केलं, तर मला वाटलं असेल बाबा खरं, आपण फार ऐकतो याचं. चतुर्थीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्या दिवशी तो दाराला धरून रडत होता आणि मी बखोटीला धरून त्याला एसटीत चढवला. परत येताना त्याच एसटीत त्याची चड्डी खराब झाली. भरल्या गाडीत. उतरला तो दप्तर पाठीमागे लपेटून, घरी येऊन न्हाणीत गेला आणि तासभर बाहेर आला नाही. हे मला अजून आठवलं की जेवण जात नाही.

त्यानंतर आठवडाभर तो बोललाच नाही. आम्ही समोर बसवून विचारलं, ओरडलो, गोड बोललो, काही नाही. मग एका रविवारी मी आडाळ्यावर, म्हणजे आमच्याकडच्या विळीवर, तिसऱ्यांचे शिंपले फोडत होते आणि तो शेजारी बसून शिंपले टोपलीत टाकत होता, माझ्याकडे न बघताच म्हणाला, "शाळेच्या संडासाक कडी नाय. मोठी पोरां दार ढकलतत आणि हसतत." एवढंच. म्हणजे पोरगा सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत पाणी पीत नव्हता आणि शी धरून ठेवत होता, तीन महिने!

मुख्याध्यापकांना भेटलो तर म्हणाले निधी आला की बघू. आमच्या ह्यांनी बाजारातून साठ रुपयांची कडी आणली आणि शनिवारी जाऊन स्वतः बसवली. मग दुसऱ्या, मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पोट दाबून पहिला प्रश्न विचारला, शी किती दिवसांनी होते? हे आम्हाला आधी कोणी विचारलंच नव्हतं, आणि आईला माहीत असायला हवं होतं, मला नव्हतं. शी धरून ठेवली की ती घट्ट होते, आतडं ताणतं, मग लागल्याची जाणीवच कमी होते आणि कधीतरी नकळत थोडी गळते. म्हणजे एसटीतलं तेसुद्धा त्याच्या हातात नव्हतं. पातळ औषध चार महिने चाललं, भरपूर पाणी, पपई, आणि रोज जेवणानंतर दहा मिनिटं पायाखाली पाट घेऊन बसायचं, कारण जेवल्यावर आतडं आपोआप हलतं. कडी बसली म्हणून लगेच पोट थांबलं असं नाही, भीती दिवाळीपर्यंत होती.

तर मन आणि शरीर वेगळं सांभाळायचं असतं हेच मला पटत नाही. घाबरलं की पोट खरंच दुखतं, मोठ्यांचंही दुखतं, परीक्षेच्या दिवशी आपण किती वेळा आत जायचो आठवा. मुलीला समोर बसवून चौकशी करू नका, हाताला काम द्या, नारळ सोलताना, कपडे वाळत घालताना बोलतील. शाळेत पाणी पिते का, संडासला जाते का, डब्याच्या सुट्टीत कोणाबरोबर बसते हे विचारा. बाकी रोज तासभर दम लागेल असं खेळणं आणि नऊ-दहा तास झोप, ते तुम्हाला माहीतच असेल.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं. दुखण्याने रात्री झोपेतून उठत असेल, वजन उतरत असेल, ताप असेल, उलट्या होत असतील, शीतून रक्त जात असेल किंवा उजवीकडे खाली एकाच जागी दुखत असेल तर माझी गोष्ट विसरा आणि लगेच डॉक्टर गाठा. शाळेचं नाव काढलं की थरथरत असेल, खाणं-बोलणं बंद झालं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. वेडेबिडे समजतील ही भीती सोडा.

भावोजींना मी कडीचं कधीच सांगितलं नाही, एसटीचं तर नाहीच, ते पोराचं आहे. पण यंदाही चतुर्थीला येतायत, आणि आता त्यांचा नातू पाचवीत गेलाय, सुनेचा फोन होता, म्हणते सकाळी त्याचं डोकं दुखतं. मोदकांचे नारळ मीच खवणार आहे, भावोजी पाटावर समोरच बसतात आणि आडाळो माझ्या पायाखाली असेल. काढूदेत नाटक शब्द.