आधी मिंडॉनचा मोर घे

अनेक आशीर्वाद.

थिबा पॅलेस पाहून आल्यापासून ब्रह्मदेशच्या नाण्यांनी तुला झपाटलंय, हे वाचून फार बरं वाटलं. पण बोदोपया राजाचं १७९७ सालचं दोन माशांचं नाणं सुरुवातीलाच घ्यायचं म्हणतोस, ते तूर्त राहू दे. आधी मिंडॉनचा, म्हणजे थिबाच्या वडिलांचा, मोर घे.

मोर म्हणजे चांदीचा एक क्यात, तिकडचा रुपया. वजन आपल्या राणीछाप रुपयाइतकंच, साधारण ११.६६ ग्रॅम. काट्यावर ठेवल्याशिवाय पैसे देऊ नकोस. एका बाजूला पिसारा फुलवलेला मोर, दुसरीकडे पानांच्या वेढ्यात ब्रह्मी अक्षरं. साल १२१४, ब्रह्मी शकाचं. त्यात ६३८ मिळवले की इसवी १८५२ येतं, आणि नवखे इथेच फसतात. मंडालेच्या टांकसाळीत बर्मिंगहॅमची यंत्रं बसवून ही नाणी पडू लागली ती १८६५ मध्ये! १२१४ हे मिंडॉन गादीवर आला ते साल. तो बसला फेब्रुवारी १८५३ मध्ये, पण ब्रह्मी वर्ष एप्रिलात बदलतं, म्हणून तेव्हा १२१४च चालू होतं. पुढे नाण्यांवर साल तेच राहिलं. तेव्हा 'पहिल्या वर्षाचं आहे' म्हणून कोणी जास्त पैसे मागितले, तर सरळ उठून ये. मी उठलो नाही, दुप्पट मोजले. वर ते नाणं कडी लावलेलं निघालं.

हे मोर दागिन्यांत फार गेले. मोराच्या डोक्यावरची कड भिंगाखाली धर आणि नाणं सावकाश फिरव. झाळून कडी बसवली असेल आणि नंतर कानशीनं काढली असेल, तर तेवढी जागा गुळगुळीत आणि फिक्कट दिसते. माझ्या नाण्यावर ती तांदळाच्या दाण्याएवढी आहे. अजून सलते.

काळवंडलेलं नाणं चिंचेनं घासू नकोस, हात जोडून सांगतो. पिसाऱ्यातले डोळे उठून दिसतात ते त्या काळ्या थरामुळे. आणि शंभर वर्षांवरचं नाणं १९७२च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं, परदेशी कोणाला पाठवायच्या भानगडीत पडू नकोस.

ब्रह्मी आकडे दहाच आहेत, दोन संध्याकाळी येतील. थिबाचं १२४०चं तांब्याचं नाणं माझ्याकडे आहे, झिजलेलं, पण साल शाबूत. सुट्टीत रत्नागिरीला ये, तुझ्या हातात देतो. साल तू वाचायचं.